लाल चतुर, कमाल वेग ११५

“टेबलावर दोनदा टकटक करायचीस,” तन्वीर म्हणाला. “की मी बोलायला लागलोच. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“आणि म... म...”

“मध्येच अडकलीस तर? मध्येच कर. सुरुवातीला कर. मॅडम चहा पीत असल्या तरी कर. मी आहे ना शेजारी.”

“शपथ?”

“दुकानाची शपथ. खोटं बोललो तर मशीनमध्ये कागद अडकेल.”

पुण्यात कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत, अजून न उघडलेल्या शटरसमोर आम्ही उभे होतो. रविवार होता, सकाळचे पावणेदहा. नाशिकहून पहिल्या एसटीनं आलो होतो. माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि तिच्यात गुंडाळलेला नकाशा, फासे आणि लॅमिनेट केलेली कार्डं. शटरमागे एक कॅफे होता. लोक तिथे कॉफी घेत पटावरचे खेळ खेळायला यायचे. आज तिथलं कोपऱ्यातलं एक टेबल माझं होतं.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते, भौतिकशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाले होते. माझं नाव कल्याणी कोठावदे. दोन्ही शब्द ‘क’नं सुरू होतात, आणि ‘क’ माझा सगळ्यांत वाईट वर्ण आहे. मी लहानपणापासून अडखळत बोलते. शास्त्र शिकल्यामुळे मी ते मोजूनही ठेवलं होतं. स्वतःचं नाव सांगायला घरच्यांसमोर दोन सेकंद, अनोळखी माणसांसमोर सात. सर्वाधिक नोंद अकरा सेकंदांची, एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतली, ‘क्वांटम’ या शब्दावर.

तन्वीर मुलाणीचं आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. किती प्रती, कुठल्या कागदावर, पाठपोट की नाही, हे सगळं मी त्याला चिठ्ठीवर लिहून द्यायचे. एकदा चिठ्ठीबरोबर मी बनवत असलेल्या खेळाची पानं गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “वीस बाजूंचा फासा? असतो असा?” मी पिशवीतून काढून दाखवला. मग दर रविवारी दुकान बंद करून आम्ही आणि त्याचे दोन-तीन मित्र तिथेच स्टुलांवर बसून खेळायला लागलो.

खेळ भूमिकांचा असतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. पात्रानं काय करायचं ते खेळणारा ठरवतो, जमलं की नाही ते फासा ठरवतो. माझा खेळ दुसऱ्या महायुद्धातल्या बारा विमानांचा होता. लिहायचे मी, पण सूत्रधार व्हायचा तन्वीर. त्याचा आवाज खणखणीत. गल्ली क्रिकेटचं समालोचन करून तो तयार झालेला. तीन वर्षं असंच चाललं होतं. माझं वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचं तो बोलायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर बोलायचा.

मग मी पुस्तिका पुण्यातल्या एका लहानशा प्रकाशन संस्थेला पाठवली. ती चालवणाऱ्या सुनेत्रा काळसेकर यांचं उत्तर आलं. वर्णनं फार आवडली, एकदा खेळून बघायचं आहे. पण एक अट. ‘टेबल लेखकानंच चालवायचं. नियम कुठे अडखळतात ते तेव्हाच कळतं.’

‘अडखळतात’ हा शब्द मी तीनदा वाचला.

त्यांना पटलं तर पुस्तिका छापली जाणार होती. नाही पटलं तर ती तन्वीरच्या दुकानातल्या स्पायरल बाइंडिंगमध्येच म्हातारी होणार होती. म्हणून आम्ही ठरवलं, तन्वीर मदतनीस म्हणून शेजारी बसेल, नकाशावरची शत्रूची विमानं हलवेल, आणि दोनदा टकटक झाली की बोलायला लागेल.

माझी स्वतःचीही एक युक्ती होती, ती मी त्यालासुद्धा सांगितली नव्हती. माझी वर्णनं नेमकी असतात असं सगळे म्हणायचे. ती नेमकी का असत? तोंडी काही समजावून सांगायची वेळच येऊ नये म्हणून. जे विचारलं जाईल ते सगळं आधीच कार्डावर हवं. त्या दिवसासाठी तर मी अख्खी गोष्टसुद्धा कार्डांवर लिहिली होती. खेळणाऱ्यांनी ती वाचायची, मी फक्त पुढचं कार्ड सरकवायचं. चार वेळा तपासली होती.

*

सुनेत्रा मॅडम पन्नाशीच्या होत्या, केस बारीक कापलेले, बोलणं झपाझप. त्यांच्याबरोबर भूषण कुंटे आला होता, पस्तिशीचा, चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत कामाला.

“ह्याला मुद्दाम आणलाय,” मॅडम म्हणाल्या. “हा पुरणपोळीचीसुद्धा जाडी मोजतो.”

“एकदाच मोजली होती,” भूषण म्हणाला. “आणि दोन ठिकाणी वेगळी भरली होती.”

“ही कल्याणी कोठावदे,” तन्वीरनं माझी ओळख करून दिली, “आणि मी तिचा झेरॉक्सवाला.” दोघं हसले. मी पहिलं कार्ड सरकवलं.

मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं. “‘लाल चतुर. जपानी नौदलाचं प्रशिक्षणाचं विमान. पंखांच्या दोन जोड्या, एकीवर एक. आतून सांगाडा, वरून कापड. उघडी आसनं दोन, एकामागे एक. नियंत्रणाचा दांडा दोन्हीकडे. रंग नारिंगी, कारण नवशिक्या येतोय हे बाकीच्यांना लांबून दिसलं पाहिजे. वारा आला की गवताच्या पात्यावर बसलेला चतुर किडा हलतो, पण पातं सोडत नाही. हे विमानही नवशिक्याच्या पुष्कळ चुका सोसतं.’ वा. बारा विमानांतून तुम्ही शिकाऊ विमान का निवडलंत? लोकांना लढाऊ विमानं हवी असतात.”

याचं उत्तर कुठल्याच कार्डावर नव्हतं. “म... मला आवडतं,” मी म्हणाले. तीन सेकंद. ठीक होतं.

गोष्ट एप्रिल १९४५ची होती. जपानच्या दक्षिणेकडच्या एका विमानतळावरून शिकाऊ वैमानिक इचिरो आणि त्याचे प्रशिक्षक मोरिता यांना हे विमान डोंगरापलीकडच्या तळावर न्यायचं होतं. बंदुकीत गोळ्या नव्हत्या. भूषण झाला इचिरो, मॅडम झाल्या मोरिता. नकाशावर षट्कोनी घरं होती. वेग ताशी चाळीस किलोमीटरला एक घर, म्हणजे एकशे पंधराचा लाल चतुर एका फेरीत तीन घरं जायचा.

या विमानासाठी मी एक खास नियम केला होता. फासा शिकाऊ वैमानिकानं टाकायचा, नऊ किंवा जास्त पडलं की विमान स्थिर. पण मागे बसलेला प्रशिक्षक कधीही ‘कंट्रोल माझ्याकडे’ म्हणून दांडा घेऊ शकतो. मग विमान नक्की सुरक्षित राहतं, पण त्या फेरीत शिकाऊ वैमानिकाला अनुभवाचा गुण मिळत नाही.

उड्डाणाच्या पहिल्याच फेरीत भूषणचा फासा सहावर पडला.

“कंट्रोल माझ्याकडे,” मॅडम म्हणाल्या.

“अहो, सहा म्हणजे थोडंसंच डुगडुगतंय.”

“डुगडुगायचं कशाला?”

दुसऱ्या फेरीत दरीत वारा आला. भूषणनं हातात फासा घोळवला, टाकला, तो अजून गरगरत होता.

“कंट्रोल माझ्याकडे.”

“मॅडम, पडू तरी द्या!”

“मला नऊपेक्षा कमी दिसला.”

“तो फिरत होता!”

तिसऱ्या फेरीत त्यांनी फासा टाकण्याआधीच कंट्रोल घेतला. भूषण हसला, पण आधीसारखं नाही. त्यानं फासा टेबलाच्या कडेला ठेवून दिला. चौथ्या फेरीत मॅडमच म्हणाल्या, “सरळ जाऊ या,” आणि प्यादं स्वतःच तीन घरं सरकवलं. भूषण खुर्चीत मागे रेलून कॅफेच्या भिंतीवरची चित्रं बघत होता. तन्वीर त्याच्याकडे बघत होता. तेव्हा मला वाटलं, तन्वीर कंटाळलाय.

मी पुढचं कार्ड सरकवलं. मागून दोन अमेरिकन लढाऊ विमानं दिसली होती. दहा घरं पुढे ढगांची रांग. ढगात शिरलं की सुटका.

भूषण पुन्हा पुढे वाकला. धोका दिसल्यावर त्याला हिशेब सुचला असावा. “थांबा. ढग दहा घरं. आपण फेरीला तीन. ती विमानं दोन फेऱ्यांत गाठतात. म्हणजे आपण सहा घरांवर मेलेलो असतो. फासा काहीही पडला तरी.” त्यानं विमानाचं कार्ड उचललं, उलटं केलं. मागे आकड्यांचा तक्ता होता. “यातून काही निघतंय का बघू... हे काय?”

“काय?”

“नेहमीचा वेग ताशी एकशे अडतीस किलोमीटर. कमाल वेग ताशी एकशे पंधरा.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “कमालपेक्षा नेहमीचा जास्त?”

“दाखव.” मॅडमनी चष्मा लावला. “खरंच की.”

मला अर्ध्या सेकंदात कळलं. एका पुस्तकात आकडे नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत होते, दुसरीकडे किलोमीटरमध्ये. नेहमीचा वेग मी किलोमीटरवाल्या ठिकाणाहून घेतला, कमाल वेग नॉटवाल्या पुस्तकातून, आणि तो रूपांतर न करता किलोमीटरच्या रकान्यात बसवला. चारही वेळा तपासताना मी आकडा माझ्या वहीतल्या आकड्याशी जुळवला होता. एकाखाली एक लिहिलेले दोन आकडे एकमेकांशी जुळवून बघायचं सुचलंच नाही. अकरा विमानं बरोबर. बारावं, जे टेबलावर आणलं, ते चूक.

आणि आता ते तोंडी सांगायचं होतं.

मी टेबलावर दोनदा टकटक केली.

तन्वीरच्या हातात शत्रूचं विमान होतं. तो हात थांबला, म्हणजे त्यानं ऐकलं होतं. त्यानं विमान नकाशावर ठेवलं, खुर्ची मागे सारली आणि उभा राहिला.

“मी चहा सांगून येतो,” तो म्हणाला, आणि गेला.

चहाचा काउंटर डावीकडे होता. तो उजवीकडे गेला, दारातून बाहेर. काचेतून मला त्याची पाठ दिसली. हात खिशात, तोंड रस्त्याकडे.

दोन्ही माणसं माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. ‘न’ ओठांशी आला आणि तिथेच राहिला. मॅडमच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं, सेकंदकाटा लाल. मी त्याच्याकडेच बघत राहिले. पाच. सहा. मान ताठ झाली, डोळे बारीक झाले. अडकल्यावर माझा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. आठ. नऊ.

भूषणला राहवलं नाही. “एकशे पन्नास असेल ना? पंधराचं पन्नास. टाइप करताना होतं असं.”

नुसती मान हलवली असती तर संपलं असतं. एकशे पन्नास हा आकडा दिसायला चांगला होता, एकशे अडतीसपेक्षा जास्त होता, कुणालाही पटला असता. आणि मान हलवण्यात माझा हातखंडा होता. एकदा एकटीच पुण्याहून येताना मी ‘नाशिक’च्या ‘ना’वर अडकले. कंडक्टर म्हणाला, “नारायणगाव?” मी मान हलवली, नारायणगावला उतरले आणि मागून येणाऱ्या एसटीनं नाशिकला गेले. घरी सांगितलं, गाडी लेट होती.

पण एकशे पन्नास खोटा होता.

“न... नाही,” मी म्हणाले. घड्याळात चौदा सेकंद झाले होते. नवी नोंद. “ते न... नॉट आहेत. एकशे पंधरा नॉट. किलोमीटरमध्ये द... दोनशे तेरा. च... चूक माझी आहे.”

भूषणनं मोबाइल काढून गुणाकार केला. “दोनशे बारा पूर्णांक अठ्ठ्याण्णव,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. माझ्याबद्दल नसेल, गुणाकाराबद्दल असेल, पण होता. “म्हणजे फेरीला पाच घरं. दोन फेऱ्यांत दहा. ढगापर्यंत पोचतो!”

“पण मग आधीच्या चार फेऱ्या?” मॅडमनी विचारलं. “त्या चुकीच्या वेगानं झाल्या. परत खेळायच्या? नियम काय म्हणतो?”

नियम काहीच म्हणत नव्हता. मी दाराकडे बघितलं. पाठ तिथेच होती. रागानं माझे कान गरम झाले, आणि त्या रागातच मी बोलले असणार, कारण मी आधी काही ठरवलं नव्हतं.

“परत नाही. आ... आत्तापर्यंत इचिरोनं इंजिनाचा थ्रॉटल अर्धाच उघडला होता.”

“का?” भूषण म्हणाला.

“कारण म... मोरिता मागे बसलेत. सारखा दांडा ओढून घेतात. त्याला व... वाटलं, वेग वाढवला तर आणखी ओरडा बसेल.”

भूषण इतक्या मोठ्यानं हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. “बघा! बघा मॅडम!”

“म्हणजे चूक माझी?” मॅडम म्हणाल्या.

“प... पात्राची.”

थ्रॉटल अर्धा म्हणजे वेग अर्धा, असं खरं तर होत नाही. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. भूषणलाही ते माहीत असणार. पहिल्यांदाच त्यानं चूक काढली नाही.

मॅडमनी दोन्ही तळवे वर केले. “बरं. मोरितानं हात काढले. इचिरो, विमान तुझ्याकडे.”

भूषणनं कडेला ठेवलेला फासा उचलला. मला प्रत्येक गोष्ट सांगावी लागत होती, कारण आता कार्डांवरची गोष्ट आणि टेबलावरची गोष्ट वेगळी झाली होती. इंजिनाचा आवाज कसा वाढला, पंखांमधल्या तारा कशा शीळ घालायला लागल्या, मागून पहिली गोळी खालच्या पंखातून कशी गेली आणि कापडाला नुसतं भोक पाडून निघून गेली. मी अडकत होते. अडकले की ते दोघं थांबत होते, आणि थांबल्यामुळे पुढचा शब्द ऐकायला आणखी पुढे वाकत होते. दुसऱ्या फेरीत फासा चारवर पडला. मॅडमचा हात टेबलावरून दोन इंच उचलला गेला आणि परत खाली गेला. विमान तिरकं होऊन ढगात शिरलं. पलीकडे उतरताना एक चाक मोडलं, विमान गवतात फरफटत गेलं. पण दोघंही जिवंत होते, आणि इचिरोच्या कागदावर अनुभवाचे दोन गुण आले होते. पहिलेच.

“मग पुढे?” भूषणनं विचारलं. “खेळात नाही, खरंच. या विमानांचं पुढे काय झालं?”

“जुलैमध्ये त्यांना बॉ... बॉम्ब बांधले,” मी म्हणाले. “दुसरी विमानं उरली नव्हती. शिकवायच्या विमानांतून मुलांना आत्मघातकी ह... हल्ल्यांना पाठवलं. म्हणून माझी गोष्ट एप्रिलमध्ये आहे. आणि म... मॅडम, तुम्ही मघाशी विचारलंत, हेच का निवडलं. बाकीची अकरा मारायला बनवली होती. हे एकच शि... शिकवायला.”

हे सांगायला मला जवळजवळ दीड मिनिट लागलं. मध्ये कुणी शब्द घातला नाही.

तेवढ्यात तन्वीर येऊन खुर्चीत बसला. हात रिकामे.

*

मॅडमनी टेबलावरची कार्डं गोळा करून त्यांची चळत केली आणि तिच्यावर हात ठेवला. “छापू या,” त्या म्हणाल्या. “पण कार्डांवर इतकं लिहू नका. निम्मं काढा. ते तुम्ही सांगा. आणि छापायच्या आधी पाच शहरांत टेबलं लावायची, वेगवेगळ्या लोकांबरोबर. तुम्हीच चालवायची. जमेल?”

“ह... हो,” मी म्हणाले. मान हलवली नाही, म्हणाले.

पुण्याहून निघताना मी तन्वीरशी बोलत नव्हते. एसटीत तो खिडकीशी बसला, मी मधली जागा सोडून. चाकण गेलं, मंचर गेलं. नारायणगावला गाडी दहा मिनिटं थांबली. तो खाली उतरला नाही, मीही नाही.

“मी टकटक केली होती,” मी म्हणाले. रागात मी कमी अडखळते.

“ऐकली.”

“शपथ घेतली होतीस.”

“घेतली होती.”

“मग प... प...”

तो थांबला. मी ‘प’वर होते आणि तो माझ्याकडे बघत नुसता बसून होता. एरवी एव्हाना त्यानं दोनदा वाक्य पुरं केलं असतं.

“पळालास का?”

“बसलो असतो तर बोललो असतो,” तन्वीर म्हणाला. “माझ्यानं राहवलंच नसतं. तोंड उघडलं होतं मी. म्हणून उठलो.” त्यानं खिडकीची काच थोडी सरकवली, परत लावली. “त्या भूषणचं तोंड बघितलंस? मॅडम सारख्या दांडा घेत होत्या तेव्हा?”

“ह... हं.”

“पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा हसला. मग फासा बाजूला ठेवून भिंतीकडे बघत बसला. मला वाटलं, हे तोंड मी कुठे तरी बघितलंय. कुठे बघितलंय, आठवेना. आणि मग तू टकटक केलीस, मी तुझ्याकडे वळलो, आणि आठवलं. तीन वर्षं, कोठावदे. दर रविवारी. मला वाटायचं, मी मदत करतोय.”

“करतच होतास.”

“हो, पण गुण सगळे मलाच मिळत होते ना.”

कंडक्टरनं घंटा मारली, गाडी हलली.

“बाहेर उभा राहून काय करत होतास?” मी विचारलं.

“काय करणार? एक ते शंभर मोजले. परत मोजले. आत जावंसं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. वाईट झालं असतं तर तू माझ्याशी आयुष्यात बोलली नसतीस, हे माहीत होतं मला.”

“च... चांगलं झालं तरी नारायणगावपर्यंत बोलले नाही.”

“ते बरोबरच होतं,” तो म्हणाला. “शपथ मोडली होती. उद्या मशीनमध्ये कागद अडकणार.”

मी मधल्या जागेवर सरकले.

*

माझं अडखळणं गेलेलं नाही. पाच शहरांत टेबलं लावली, नंतर आणखी लावली. ‘क’ अजून ‘क’च आहे. फरक इतकाच, की आता मी सेकंद मोजत नाही आणि मला सापडलेला शब्दच बोलते, दुसऱ्यानं पुढे केलेला नाही. तन्वीर अजून रविवारी खेळायला असतो. मध्ये मध्ये जुन्या सवयीनं त्याचे ओठ हलतात, मग तो ओठ मिटून घेतो. त्याला ते किती जड जातं ते मी बघते.

पुस्तिका छापायला जाताना मॅडमनी शेवटच्या पानासाठी ऋणनिर्देश मागवला. मी नावं लिहिली, माझे प्राध्यापक, भूषण, मॅडम स्वतः. सगळ्यांत शेवटी एक ओळ लिहिली. ‘आणि तन्वीर मुलाणी याचे, एका रविवारी चहा सांगायला गेल्याबद्दल.’

मुद्रितं आली तेव्हा ती ओळ बदललेली होती. कुणी तरी काळजीनं दुरुस्त केली होती, ‘एका रविवारी चहा आणून दिल्याबद्दल’.

दुपारचे तीन वाजले होते. पानं संध्याकाळी छपाईला जाणार होती. मेल बघतील की नाही कळेना, म्हणून मी छापखान्याला फोन लावला. तोवर मी अनोळखी माणसाला कधी फोन केला नव्हता. पलीकडे आवाजावरून एक वयस्क बाई होत्या, मुद्रितं त्याच तपासत होत्या.

“हॅलो? बोला.”

“म... मी क... क... क...”

पलीकडून छपाईच्या यंत्राचा आवाज येत होता. बाई थांबल्या होत्या की फोन ठेवून गेल्या होत्या, कळत नव्हतं. मी तरीही थांबले नाही.

“क... कल्याणी कोठावदे. शेवटच्या पानावरची शेवटची ओळ. ती प... पहिल्यासारखी करा.”

कागदांची सळसळ झाली. “चहाची ना? अहो, पण ‘सांगायला गेल्याबद्दल’ आभार कसे मानणार? वाक्य अर्धवट वाटतं ते. चहा आणून दिला म्हणून आभार ना?”

“नाही,” मी म्हणाले. “च... चहा त्यानं आणलाच नाही.”